आकडा

कोपरखैरणे शाखा, काउंटर नंबर तीन.
बावीस वर्षं इथं बसून मी सांगत आलेय,
सर्व्हर डाउन आहे.
कधी तो खरंच असायचा,
कधी मला डबा उघडायचा असायचा.

सोपान ढेबे आले तेव्हा साडेबारा झाले होते.
तुर्भ्याच्या बाजारात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेला माणूस,
अजून उभा राहतो तो जरा पुढं वाकून,
जणू मागून कुणीतरी काही ठेवणार आहे.
मुदत ठेव मोडायची म्हणाले.
सगळी.
पैसे ज्या खात्यात पाठवायचे
त्याचा आकडा तळहातावर निळ्या पेनानं लिहिलेला,
शेवटचा घामानं फिसकटलेला,
सात आहे की एक, त्यांनाही सांगता येईना.

कुणाला पाठवताय, काका?
भाच्याला.
भाच्याचं नाव विचारलं
तर त्यांनी शर्टाच्या खिशाकडं पाहिलं.

खिशातून फोन अर्धा वर आलेला
आणि त्यावर कॉलची वेळ पळत होती.
एकोणीस तास, चार मिनिटं.

एकोणीस तास.
म्हणजे हा माणूस काल रात्री जेवला असेल
तो त्या खिशाला विचारून,
मोरीत गेला असेल तो सांगून.

गेल्या श्रावणात घणसोलीच्या एक बाई आल्या होत्या,
बालवाडीत मदतनीस.
त्यांनाही भाचाच होता.
चार वाजत आले होते,
फॉर्म अगदी बरोबर भरलेला होता.
मी शिक्का मारला.

मोठ्यानं म्हणाले, खिशाला ऐकू जाईल असं,
सर्व्हर डाउन आहे काका, बसा.
शेजारच्या नाझनीननं आपल्या स्क्रीनकडं पाहिलं,
सर्व्हर चालू होता,
तिनं मान खाली घातली.

भरणा पावतीच्या मागं लिहिलं,
पोलीस फोनवर अटक करत नाहीत.
कुठलेच नाहीत.
बोलू नका. वाचलं असेल तर चष्मा काढा.

त्यांनी वाचलं,
ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं.
खिसा हिंदीतून गुरगुरला, किती वेळ अजून.
चष्मा काढला नाही.
टोकन एकेचाळीस झालं, बेचाळीस झालं,
पंखा तेवढाच फिरत होता,
चष्मा काही निघेना.
मला वाटलं, हा माणूस माझ्यावर नाही,
त्याच्यावर विश्वास ठेवणार.
का ठेवू नये?
तो एकोणीस तास बोलत होता यांच्याशी.
मी बावीस वर्षांत
पुढचं टोकन, यापलीकडं काय बोलले होते?

मग ढेबे हळूच म्हणाले, मला नाही, खिशाला,
साहेब, सर्व्हर बंद आहे.
आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

फोन मी बंद केला नाही. त्यांनीच केला.
गोणीतून आकडा उपसावा तसा खिशातून ओढला,
अंगठा दोनदा लाल खुणेवरून घसरला,
तिसऱ्यांदा बसला.

पाणी प्यायले. मग बोलेनातच.
लाज माणसाला अशी बसवते
की खुर्ची त्याची नसल्यासारखी.
त्यानं आधारचा नंबर बरोबर सांगितला हो, म्हणाले.
पार्सलवर माझं नाव आहे म्हणाला.
आणि मी,
मी बाजारात कधी सांडलेला कांदा उचलला नाही ताई.

मी म्हणाले, काका, हा एकच आकडा पाठ करा.
एकोणीसशे तीस.
असा फोन आला की तो ठेवायचा
आणि इथं लावायचा.
तेव्हा पहिल्यांदा हसले.
आकडा हातात न् गोणी पाठीवर,
एवढं तर येतं मला.

दारापाशी वळून विचारलं,
सर्व्हर खरंच बंद होता का?
मी म्हणाले, आत्ताच आला बघा.

नाझनीननं पुढचं टोकन लावलं.
घणसोलीच्या बाईंच्या फॉर्मची झेरॉक्स
अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
मागची बाजू कोरी.