डाव अठ्ठावन्न

पुस्तिका सायक्लोस्टाईलची, किंमत दीड रुपया.
टाचण्या गंजल्यात, पान उलटलं की
बोटाला तांबूस भुकटी लागते.
चौदा खेळाडू, तेरा फेऱ्या, एक्क्याण्णव डाव.
ठाणे, नौपाडा, शाळेचं सभागृह,
दिवाळीची सुट्टी, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

कोपरखैरण्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
मी पट मांडतो, सगळ्यांना पुन्हा बसवतो.
प्या-रा४. घो-राउं३.
नात डोकावते : ही काय डॉक्टरची चिठ्ठी?
तिच्या घरांना अक्षर आणि आकडा.
माझ्याकडे अजून प्रत्येक घर कुणाच्या तरी मालकीचं,
राजाचं चौथं, वजिराच्या घोड्याचं तिसरं.

फेरी नववी. डाव अठ्ठावन्न.
पांढरे : चौबळ, बँकेतले.
काळे : हरेश्वर भोईर, कळवा.
एकतिसावी चाल ह-व१, आणि काळ्यानं डाव सोडला.
खाली संपादकांची एकाच शब्दाची टीप :
अनाकलनीय.

खरंच. वीसदा मांडून पाहिलं.
राजा कोपऱ्यात सुखरूप, उंट मोकळा,
प्यादं उलट एक जास्तच.
नातीच्या फोननंही डोळे मिटून सांगितलं, काळा बरा.

मी तेव्हा तेरा वर्षांचा,
भिंतीवरच्या मोठ्या पटावर चाली लावायला नेमलेला.
मोबदला चहा आणि दोन खारी.
स्टुलावरून डाव दिसायचा,
तसे टेबलाखालचे पायही.

भोईरांनी चपला केव्हाच चढवल्या होत्या.
डबा मांडीवर.
वागळे इस्टेटीत तिसरी पाळी साडेदहाची,
डाव स्थगित व्हायचा अकराला.
दोन्ही घड्याळं चालू असताना
ते भिंतीवरच्या तिसऱ्याकडे बघत होते.
मग राजा हळूच आडवा केला,
झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तसा,
हात मिळवला, गेले.
चौबळ बसूनच राहिले.
जिंकलेला माणूस तसा दिसत नाही.

मी काही बोललो नाही.
भिंतीवरचा राजा खिळ्यावरून उतरवायचा की नाही,
तेवढंच मला कळत नव्हतं.

आज साडेदहाला, जेवणं उरकल्यावर,
काळ्याची राहिलेली चाल मी खेळलो : घो-वउं५.
टिपेशेजारी पेन्सिलनं लिहून ठेवली.
मग उठून पलीकडच्या खुर्चीत बसलो
आणि बराच वेळ विचार केला,
चौबळांनी केला असता तेवढा.