खुर्ची दुरुस्त झाल्यावर

दाढ उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी.
शिमग्यात पहिल्यांदा ठणकली.
पालखी खळ्यात टेकलेली, मी ओटी भरत होते,
नारळ धरल्या हातानंच गाल दाबला.
सासू म्हणाली, देवाक दिसला आसतला.
देवाला दिसलं असेल.
केसपेपरच्या खिडकीला दिसलं नाही.
दातांचे डॉक्टर मंगळवारी, खिडकी म्हणाली.
मंगळवारी म्हणाली, डॉक्टर आहेत, खुर्ची बिघडलीय.

खुर्ची मी बघितली. दार अर्धं उघडं होतं.
पावसाळ्यात वर ओढून झापांनी झाकलेली होडी,
तशी ती प्लॅस्टिकखाली, मान मागे टाकून.
कंपनीचा माणूस येईल, शिपाई म्हणाला.
कुठून?
त्यानं घाटाच्या दिशेनं हात केला.

मी काजूच्या कारखान्यात सोलायला आहे.
गराची तांबूस साल काढायची, गर मोडायचा नाही.
अख्खा, पाकळी, तुकडा,
संध्याकाळी तिन्ही वेगळे तोलतात.
तुकडा वाढला की पैसे कापतात.
मंगळवारचा खाडा झाला तरी कापतात.
असे सहा मंगळवार.

बाजारातला डॉक्टर म्हणाला, साडेचार हजार, टोपी वेगळी.
मी म्हटलं, टोपी नको, ऊन नाही लागत तिला.
तो हसला. मी घरी आले.

फिलूमावशी टरफलं फोडायला बसते,
तिचे हात डिकानं काळे, रेषा पुसलेल्या.
ती म्हणाली, काडयेन एक थेंब लाव, मरतली ती.
लावला.
दोन दिवस खरंच मेली.
तिसऱ्या दिवशी हिरडीची साल निघाली,
आमच्याकडे निघावी तशी, अख्खी.

मग चिठ्ठी जिल्ह्याची.
दोन एसट्या, कुडाळला उतरून दुसरी.
एक्स-रेचं मशीन होतं, चालवणारा बदलीवर.
पुढली तारीख. त्या तारखेला दरड. पुढली.

श्रावणातल्या त्या बाकावर
निवतीचा एक तांडेल, जबड्याला टॉवेल बांधलेला,
शाळेच्या तपासणीचा लाल शेऱ्याचा कागद घेऊन एक पोर,
आणि जयराम घाडी, गेल्या चवथीपासून कवळीच्या यादीत.
यंदा तरी मोदक चावान खाईन म्हटलंय, ते म्हणाले.
मोदकाक दात कित्याक व्हये?
तांडेल टॉवेलातून बोलला
आणि सगळा बाक गाल धरून हसला.
आई गं, हसवू नका, पोर म्हणाली.

डॉक्टर लहानशी मुलगी होती. मनगटाला पट्टा.
मी तिची सेहेचाळिसावी, अजून जेवली नव्हती.
आत बघून म्हणाली,
मावशी, मार्चमध्ये आला असतात तर वाचली असती.
मी पिशवीतून केसपेपर काढला.
मार्चचा. शिक्क्यासकट. त्यामागचे पाचही.
तिनं एकेक वाचला, सावकाश,
मग नुसतीच उभी राहिली.
एवढ्या महिन्यांत माझ्यासाठी कुणी गप्प झालेलं
तेवढंच.

काढायला घेतली तेव्हा आवाज आला,
मला ओळखीचा.
सॉरी, ती म्हणाली, तुकडा पडला. मूळ आत राहिलंय.
तोंडात कापूस होता, म्हणून विचारता आलं नाही
की आता
पैसे कुणाचे कापायचे.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं?
मी बोट करून पुढं दाखवलं.
त्यानं शेवटच्या थांब्याचं अर्धं तिकीट फाडलं.
माझं गाव त्याच्या चार थांबे अलीकडे.
असू दे.

जीभ सारखी तिथं जाते.
चवथ झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बोलावलंय,
तारखेपुढं पेन्सिलीनं लिहिलंय,
यायच्या आधी फोन करा.
नंबर लिहायचा राहिलाय.