आरंभीची शिल्लक

जतच्या पुढं रस्ता जिथं दोन भाषा बोलायला लागतो
आणि मोबाईल न विचारता कर्नाटकात जातो,
तिथं आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र.
त्यात माझी खोली, दहा बाय बारा,
एक फ्रीज, दोन कपाटं, खिडकीला जाळी,
जाळीखालच्या फटीतून आत येणारे हात.

मार्चअखेर. साठा नोंदवहीची नवी पानं आखते आहे.
आरंभीची शिल्लक, आवक, खर्च,
मग उरलं ते.
पट्टी लाकडी, कडेला एक दात पडलेला,
प्रत्येक रेघ त्या ठिकाणी थोडी अडखळते.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, रेघ वाकडी का?
म्हटलं, पट्टीची मागणी पाठवलीय, सर.

मागणी पाठवलीय :
हे मी दिवसातून किती वेळा म्हणते
त्याचा रकाना वहीत नाही.

साखरेच्या गोळ्या मागितल्या दहा हजार, आल्या अडीच.
न मागता आले जंताच्या औषधाचे बावीस खोके,
मुदत उरलेली सात आठवडे.
आता गावात पोरं किती, जंत किती,
आणि सात आठवड्यांत त्यांनी प्यावं तरी किती?
सांगलीच्या भांडारात फोन लावला.
भाऊसाहेब म्हणाले, वरून आलं, खाली सोडलं,
पाणी तरी दुसरं काय करतं, मॅडम?
म्हटलं, आमच्याकडं पाणीसुद्धा तसं करत नाही.
ते हसले. खोके इथंच राहिले.

ज्याचं मरण आधी, ते आधी बाहेर काढायचं.
जुना खोका पुढं, नवा मागं.
एवढाच नियम, इरय्याला पहिल्या दिवशी शिकवला.
तो बाहेरच्या रांगेकडं बघून म्हणाला,
इथंही तसंच का?
मी खोके सरकवत राहिले.

गुरुवारी महादेवी आली, शेळ्या जावेकडं सोडून,
फिट येणाऱ्या पोरीला पुढं धरून.
गुळगी?
संगणकात बघितलं, सहाशे.
कपाटात बघितलं.
गोळ्या आहेत गं, वाटेत आहेत.
वाटेत म्हणजे गाडीत,
आणि गाडी मिरजेला, गॅरेजात, चाक काढून ठेवलेली.
सांगलीनं पाठवल्या म्हणून नोंदवल्या,
यंत्रानं आमच्या खात्यावर जमा धरल्या,
सगळे आपापल्या जागी बरोबर.
पोरीच्या कपाळावर जुनी खूण होती, चुलीच्या कडेची.
फिट संगणक बघून येत नाही.

उमदीच्या तौफिक अत्तारला फोन केला.
त्याच्याकडं एकशेऐंशी. त्यातल्या शंभर देतो म्हणाला.
मी विचारलं, तुझ्या पेशंटचं काय?
म्हणाला, पंधरा तारखेपर्यंत मी श्रीमंत आहे.

साडेचारच्या एसटीनं गोळ्या आल्या,
कंडक्टरच्या खिशात, बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात.
पोर तोवर बाकावर, जाळीच्या सावलीतले चौकोन
बोटानं मोजत, दर वेळी वेगळा आकडा.
महादेवीनंही मोजल्या, तीन पट्ट्या, एकेक गोळी चाचपून,
मग जाळीशी तोंड आणून :
इष्टे?
एवढंच?
अजून चौघं यायचेत बाई, शंभरांत पाच घरं.
इष्टे, मी म्हटलं. माझं कानडी तेवढंच.
तिनं पदराला गाठ मारली आणि पोरीला उठवलं.

रात्री वही पूर्ण केली.
उसनवारीला रकाना नाही, असली तर हरकत निघते,
म्हणून समासात, पेन्सिलनं, पुसता येईल असं :
उमदी, शंभर, देणे.
फ्रीजचा पारा बघितला. पाच. तोही लिहिला.

तौफिकला विचारलं, परत कधी देऊ?
तुझी गाडी आली की.
अरे, गाडी मिरजेला आहे.
मग सावकाश, तो म्हणाला,
आणि तुझ्याकडं ते जंताचं औषध आहे म्हणे,
दोन खोके पाठव.