शितं

मकरपुऱ्याहून बारा जणांचं रक्त
आकड्यांत उतरून टेबलावर आलं.
जुनी गोळी, नवी गोळी,
एकाच अंगातला चढउतार बावीस टक्के.
साहेब म्हणाले, चोवीस जण बस छे, माहुरकरबेन.

शितावरून भाताची परीक्षा, हे खरंच.
पण आई शीत चिमटायची
तेव्हा तळाशी पळी घालून
एक खालचंही काढायची.

सात नंबरचा आलेख
एकदा डोंगर, एकदा नुसता ओटा.
राठवा नानजीभाई, राहणार छोटाउदेपूर,
कोपरात सुईचे जुने डाग.
त्याला गाळलं की चौदा टक्के.
सगळं गुळगुळीत.

गाळलं नाही.
अठ्ठावीस धरले, छत्तीस लिहिले.

वाढलेले बारा हात
आत्ता कुठल्याशा बसमध्ये
दांडा धरून उभे असतील,
बाह्या खाली.