पाठीमागचं पाणी

रावपुऱ्यात, घड्याळवाल्याच्या वर, जिना चढून
उजव्या हाताला आमचा तलाव होता.
बारा फूट रुंद, नऊ फूट उंच.
दोरी सोडली की छतातून उलगडत यायचा
आणि तळाचा लाकडी रूळ फरशीवर आपटायचा, ठप्प.
दोरी माझ्याकडे असे. मी आठ वर्षांची.

रंगवला मानाजी फणशांनी,
नाटक कंपनी बसल्यावर,
दीडशे रुपये आणि दुपारच्या जेवणावर.
डोंगर त्यांनी बघितलेला एकच, पावागड.
त्याचंच टोक उचललं, वर बर्फ घातला
कुठल्याशा बँकेच्या कॅलेंडरातला,
आणि पाण्याला रंग पुरेना तेव्हा
आईची कपड्यांची नीळ मागून नेली.

वर शिखरं तीन. पाण्यात दोनच.
तिसऱ्याच्या वेळी सरस संपला, म्हणायचे,
आणि तसंही तिथं गिऱ्हाईकच उभं राहणार.

राहायचंच.
पादऱ्याहून, डभोईहून साखरपुडा झालेली जोडपी,
मधे वीतभर अंतर, त्या अंतरातून होडी दिसायची.
मांडवीतला कापडवाला सहकुटुंब, सतरा माणसं,
सगळा तलाव झाकून टाकत,
तरी पडदा ‘तलाववाळो’च हवा.
साधा करडा आठ आण्यांनी स्वस्त होता.
तो फक्त वकील घेत.
एखादी नवी नवरी हळूच विचारी, “आ क्यां आव्युं?”
आणि आप्पा काळ्या कापडात डोकं खुपसलेले,
आतूनच म्हणत, “नजीकमां ज छे. हसो.”

एकदा फत्तेगंजच्या छावणीतून एक जवान आला.
कान बाहेर आलेले,
गाल उन्हानं नव्हे, थंडीनं भाजलेले.
मी दोरी सोडली. ठप्प.
तो वाकून बूट काढायला लागला.

राहू द्या, आप्पा म्हणाले, पाय येणार नाहीत फोटोत.

आमच्या गावाच्या वर आहे असाच, तो म्हणाला.
चढायला पाऊण दिवस.
लांबून लांबून माणसं येतात,
मेंढीची लोकर सोडतात, ओंजळभर पितात, जातात.
पाठ करत नाहीत त्याला.
उतरताना पहिलं वळण येईतो उलटं चालतात.

मग माझ्याकडे बघून: तिसरं कुठं गेलं?
सरस संपला, मी म्हटलं.
तो हसला नाही. हं, म्हणाला,
जसं कुणाच्या घरी कोण गेलं ते ऐकून म्हणतात.

आणि उभा राहिला, अनवाणी,
तलावाकडे तोंड करून.
आप्पांनी दोनदा सांगितलं, इकडे बघा.
तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

आईला पाठवायचा फोटो:
एक मान, दोन कान,
नुकतेच कातरलेले केस.
प्रती दोन सांगितल्या होत्या.
नेली एक.

पडदा पुढं उंदरांनी डावीकडून खाल्ला.
होडी आधी गेली.
उरलेल्याचं घड्याळवाल्यानं
पावसाळ्यात दुकानापुढं छप्पर केलं,
आतली बाजू वर, म्हणून दोन वर्षं
रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर बर्फ होता.

मागच्या पौषात पावागडला गेले. रोपवेनं;
गुडघे आता माझं ऐकत नाहीत.
दुधिया तलावात दूध नव्हतं,
हिरवट पाणी, कडेला नारळाच्या शेंड्या,
एक चुनडी अर्धी बुडालेली.
आणि काठानं सगळे पाठमोरे,
हात लांब करून, स्वतःकडे बघत.
एका पोरानं फोन हातात दिला,
“मासी, एक पाडी आपो ने.”
काढला. त्याच्या खांद्यावरून थोडं पाणी आलं.
तो दाखवून गेला, छान आलाय म्हणाला,
पाण्याबद्दल नव्हे.

गर्दी पांगल्यावर
मी उलटं चालून बघितलं, कठडा धरून.
अकरा पायऱ्या जमल्या. वळण लांब होतं.
वर चढणारी एक बाई थांबली:
“कंई भूली गयां, बेन?”

हो, म्हटलं.
एक प्रत द्यायची राहिलीय.