पेटी क्रमांक ४१

म्बिताच्या पोस्टात साऱ्या शाळेची एकच पेटी होती.
चौदा मास्तर, दोनशे मुलं, स्वयंपाकीण,
भिंतीपलीकडे ओमेना वाळत घालणारे कोळीसुद्धा
पत्ता द्यायचे : पेटी क्रमांक ४१.
शुक्रवारी ओगुटू कारकून सायकलवरून पिशवी आणी.
कुणी कुणाला लिहिलं, कधी लिहिलं,
सगळं त्याच्या वहीत आधीच टिपलेलं.
उत्तर आलं की तो थेट त्या बाकापाशी जाऊन उभा राही.

आज त्याच खोलीत मी राउटर जोडला.
बाहेरच्या तारेला ह्याचा एकच आकडा ठाऊक,
कंपनीकडून भाड्यानं घेतलेला,
जगात आज दुसऱ्या कुणाकडे नसलेला.
आत एकोणतीस संगणक :
१९२.१६८.१.२, मग ३, मग ४...

"हे आकडे आपलेच ना, मॅडम?" ओबुरानं विचारलं.
आपलेच.
किसुमूच्या लॉजमध्येही हेच,
दवाखान्यात हेच, माझ्या घरच्या टीव्हीलाही ह्यातलाच एक.
पोरगं हिरमुसलं.

घरी आईला काय हाक मारतोस?
"आई."
आणि फेरीच्या धक्क्यावर, गर्दीत, 'आई' म्हणून ओरडलास तर?
तो हसला. "सगळ्याच वळतील."
म्हणून ती हाक उंबऱ्याच्या आत.

दुपारी पहिला निरोप तळ्यापार गेला,
राउटरनं टिपून ठेवलं : अकराव्या संगणकाचा.
उत्तर आलं, अकराव्यालाच पोचलं.
ओगुटूची वही, फक्त शाई नाही.

संध्याकाळी नोंदी चाळल्या.
कुठून कुठून दारं ठोठावून गेले होते लोक, यंत्रं,
न बोलावलेले,
आणि ह्यानं कडी वाजल्याचंही आत कळू दिलं नव्हतं.
चांगलंच आहे. असंच हवं.

पण एकदा टांगाहून पाकीट आलं होतं,
वर एवढंच : पेटी ४१, माझ्या मुलीस.
वहीत नोंद नाही.
ओगुटूनं ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं
आणि दर नव्या मुलीला विचारत राहिला, दोन पावसाळे.
ते माझं होतं म्हटलं तर गोष्ट छान जुळेल.
माझं नव्हतं.
स्वयंपाकिणीचं निघालं; तिला कुणी मुलगी म्हणून
विचारलंच नव्हतं तोवर.

नियम मी बदलला नाही :
न मागितलेलं आत घ्यायचं नाही.
फक्त राउटर उचलून त्या कट्ट्यावर ठेवला.
तिथून रेंजही बरी मिळते.