खांड

पाचव्या महिन्यात एकदा
मीच माझं रक्त काढलं.
पट्ट्याचं एक टोक दातात,
लॅब उघडायला वीस मिनिटं होती
आणि तळवली नाक्यावरचा वडेवाला
तेल तापवत होता.

दिवसाला साठ नावं लिहिते मी ट्यूबवर.
स्वतःचं लिहिताना वेलांटी चुकली.

सीआरपी चोवीस.
मशीन थापा मारत असेल म्हणून परत लावलं.
पंचवीस.

ताप नव्हता. अंग दुखत नव्हतं.
फक्त सकाळी बेसिनमध्ये थुंकताना
फेसात एक लाल धागा.
पोटुशीच्या हिरड्या सुजतातच, म्हणाल्या सासूबाई,
एका लेकरामागं एक दात,
हिशेब ठरलेला.
मीही मान डोलावली होती,
मी, जिच्या भिंतीवर पॅथॉलॉजीचं सर्टिफिकेट आहे.

ओवळेकर डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.
"जंतू बाळापर्यंत जातीलच असं नाही.
पण तुझं रक्त ओरडतंय गं,
आणि भिंतीपलीकडे झोपलेल्याला
ओरडणं पोचू शकतं."

रात्री सासऱ्यांना विचारलं, बांध कसा फुटायचा?
इथं टॉवर नव्हते तेव्हा भात होतं,
एका अंगाला खाडीचं खारं पाणी,
दुसऱ्या अंगाला पोपटी रोपं,
मध्ये नुसता चिखल.
आयुष्यभर त्यांनी तो चिखल राखला.
टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले,
"बांद एकदम नाय फुटत.
आदी चिंबोरी बील करते,
करंगली जाईल एवरं.
मानूस बघतं न् बोलतं, उद्या बुजवू.
उधान उद्याची वाट बघतं व्हय?
मंग खांड परते."

मी उद्याची वाट पाहिली नाही.
ऐरोलीच्या दातांच्या दवाखान्यात
एक्सरेला पोटावर शिशाचा जड एप्रन घातला त्यांनी.
तू आत एकदा हललास,
किंवा मला वाटलं.
दाढेखाली पू निघाला, हरभऱ्याएवढा.
गोळीचं नाव मी तीनदा विचारलं,
चालते ना? पाचव्यात चालते ना?

तीन आठवड्यांनी आकडा सहा.
सगळ्यांनी पेढे खाल्ले.
मी खाल्ला, चूळ भरली,
पाणी स्वच्छ होतं.
पण आधीच्या आठवड्यांत, धागा दिसत असताना,
किती खारं झिरपलं तुझ्याकडे,
हे सांगणारी ट्यूब माझ्या रॅकमध्ये नाही.
मी शोधली.

काल घणसोलीहून एक बाई आली,
सातवा महिना, ओढणीचं टोक गालाशी दाबलेलं.
फॉर्मवर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड.
मी फॉर्मवर नसलेलं विचारलं,
ब्रश करताना रक्त येतं का हो?
"येतंच की," ती हसली, "सगळ्यांनाच येतं."

मी पट्टा सैल केला.
म्हटलं, जरा बसा.